प्लेन या शब्दाची व पाणसऱ्याच्या पडावाची हकीकत

श्रीवागीश्वरी प्रसन्न. जिच्या कृपेने मुका बोलतो आणि बहिरा ऐकतो, त्या देवीस आधी दंडवत करून लिहितो ऐसे जे, शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, ते साली या राज्यात एका परमुलखी शब्दापायी जो अनर्थ जाहला आणि त्याच शब्दापायी जो न्याय जाहला, त्याचा वृत्तांत येथे यथास्थित लिहिला आहे. राज्याचे नांव लिहीत नाही. ज्यांस ठाऊक त्यांस ठाऊक, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांचे त्यावाचून अडत नाही. लिहिणारा ते समयी सदरेवर खालचे बैठकीस हजर होता. पाहिले ते पाहिले म्हणोन लिहिले, ऐकिले ते ऐकिले म्हणोन लिहिले, आणि पदरचे अक्षर घातले नाही; घातले असेल तर कोणास ओळखू येणार नाही ऐसे घातले आहे.

राज्यातून एक थोर नदी समुद्रास जाते आणि तिजवर पाणसरें गांवी उताराचा घाट आहे. तेथे पूल नव्हता. माणसे, बैल, बाजाराची ओझी, नवऱ्यामुलीची वऱ्हाडे, अवघी एका मोठ्या सरकारी पडावातून, म्हणजे रुंद नावेतून, पैलतीरी जात, आणि तो पडाव हाकणारा लखू तांडेल म्हणोन कोळी होता, थोडके बोलणारा, छातीने रुंद, पाण्याचा रंग पाहून पाऊस किती कोसांवर आहे ते सांगणारा. घाटावर हुकूम सुभानजी हवालदाराचा. पडाव जुना जाहला, तळाच्या फळ्या किडीने खाल्ल्या, तेव्हां सरकारातून नव्या पडावासाठी साग तोडून दिला होता. परंतु नवा पडाव काही पाण्यात उतरेना. लखूने हवालदारास तीन वेळा सांगितले, आणि तिसऱ्या वेळेस हवालदार बोलिले, "तुला भीती वाटते तर वल्हे ठेव आणि घरी जाऊन चूल फुंक. पडाव हाकणारे मला शंभर मिळतील." गांवचा कुळकर्णी हवालदाराच्या पंक्तीचा, त्याजकडून अर्जी लिहवावी तर ती हवालदाराच्याच हाती जावयाची. तेव्हां लखू दोन कोस खाली बंदरावर गेला आणि सामवेल मेस्त्रीस घेऊन आला.

हा सामवेल जातीचा इंग्रज टोपीकर, जहाजांचा सुतार, तीस वर्षे बंदरावर राहिलेला, दाढी पांढरी, हात डांबराने काळे. आमची भाषा मोडकी तोडकी बोले, परंतु लिहिणे येत असे ते फक्त त्याचे मुलखीचे. त्याने पडावाखाली शिरून फळ्यांस टोचा लाविला आणि बाहेर येऊन लखूस म्हणाला, "पाऊस येईल, हा जाईल. मी राजाला लिहितो." आणि वैशाखमासी त्याने हुजुरांस पत्र लिहिले, चार ओळींचे, कारण सुतार माणूस जितके लाकूड लागते तितकेच कापतो.

पत्र दरबारी पोचले आणि ते वाचावयास चिंतो केशव दुभाषे यांजकडे आले. चिंतोपंत तरणे, हुशार, बंदरच्या वखारीत इंग्रजांच्या कारकुनांजवळ बसून त्यांची भाषा शिकलेले, आणि दरबारात ती जाणणारे ते एकटेच, म्हणोन त्यांस कोणी चुकले म्हणेल ऐसा माणूसच नव्हता. पत्रात पहिलीच ओळ आली की, मी हुजुरांस प्लेन करितो, पाणसऱ्याच्या पडावाविषयी. ज्यास डोळे आहेत त्याने यावे आणि त्याचे खाली पाहावे. पंतांस प्लेन म्हणजे सपाट इतके ठाऊक, जसे सपाट रान, सपाट भुई. क्षणभर थांबले. कारकुनांच्या तोंडी हा शब्द ऐसा कधी ऐकिला नव्हता. परंतु महाराज ऐकावयास बसले होते, सरदार बसले होते, आणि मला कळत नाही हे तीन शब्दांचे वाक्य विद्वानास फार जड जाते. मग पंतांनी खडखडीत आवाजाने अर्थ सांगितला की, "टोपीकर लिहितो, मी पाणसऱ्याच्या पडावावर हुजुरांचे नांवे भुईसपाट होऊन साष्टांग दंडवत घालितो, आणि या राज्याची नदी इतकी सुंदर आहे की ज्यास दृष्टी असेल त्याने येऊन पडावाखालचे पाणी पाहावे." दरबार संतोषला. परमुलखीचा सुतार आपल्या नदीस वाखाणतो म्हणोन महाराजांनी पंतांस जरीकाठी पागोटे दिले, सामवेलास एक श्रीफळ पाठविले, आणि पत्र दप्तरात स्तुतिपत्रांचे रुमालात बांधून ठेविले. सामवेलास श्रीफळ मिळाले तेव्हां त्याने मानिले की राजास कळले, आता माणसे येतील. तसे त्याने लखूस सांगितले, आणि लखूने बायकोस सांगितले, आणि तिघेही वाट पाहत राहिले.

मग पाऊस आला. भाद्रपद वद्य पंचमी, बाजाराचा दिवस, नदी दोन्ही थडी भरून चालली. लखू म्हणाला आज पडाव सोडीत नाही. हवालदार म्हणाले बाजार बुडतो, सोड. पडाव मध्यधारेस गेला आणि तळाची फळी निघाली. लखू पट्टीचा पोहणारा. त्याने पाच जीव थडीस आणिले आणि सहाव्यासाठी फिरून गेला तो आला नाही. एकोणीस माणसे गेली, दोन बैल गेले. हवालदाराने दुसरे दिवशी हुजुरांस लिहिले की, तांडेल दारू पिऊन तर्र होता, पडाव खडकावर घातला, सरकारी लाकूड वाया गेले. तेच बाजारात पसरविले. ज्या घरांतली माणसे गेली त्यांणी लखूच्या दारावर शेण मारिले आणि त्याच्या बायकोस विहिरीवर पाणी भरू देईनात.

लखूची बायको सकवार. ती पायी चार दिवस चालून राजधानीस आली आणि वाड्याच्या दरवाज्यात बसून ऊर बडवून आक्रोश करू लागली. या राज्याची रीत ऐसी की दरवाज्यात गाऱ्हाणे घ्यावे ते कागदावर घ्यावे, कोणावर ते लिहावे, आणि दोन साक्षी असावे. दरवाज्याचा जमादार भला माणूस होता, तिजजवळ येऊन म्हणाला, "बाई, रडू नको, काय ते बोल."

ती म्हणाली, "बोलतेच हाय की. बोलताना रडू येतं, त्याला मी काय करू?"

जमादाराने कारभारी मोरो अनंत यांस जाऊन विचारिले. कारभारी कायद्याचे पक्के, वाईट नव्हेत, परंतु काटेकोर. ते म्हणाले, "रडणे हे गाऱ्हाणे नव्हे. रडण्यास उत्तर काय लिहावे? तिचे रडून होऊ द्या, मग कागद घेऊन या म्हणावे." मग सकवार तीन दिवस तेथे बसली. लोक येत, तिला ओलांडून जात. कोणी भाकर ठेवी, ती कावळे नेत.

तिसरे दिवशी सामवेल मेस्त्री खांद्यावर एक फळी घेऊन बंदराहून आला. सकवारेस पाहून तिजपाशी उकिडवा बसला, आणि तितक्यात चिंतोपंत जरीकाठी पागोटे घालून सदरेहून निघाले ते त्याचे दृष्टीस पडले. सामवेल उठून त्यांजपुढे उभा राहिला आणि आपले मुलखीचे भाषेत म्हणाला, "मी लिहिले होते. वैशाखात लिहिले होते. तुमच्या राजाने मला नारळ पाठविला."

पंत म्हणाले, "तुम्ही दंडवत लिहिला, त्याचा नारळ."

"दंडवत?" सामवेल म्हणाला. "मी प्लेन लिहिले. प्लेन म्हणजे रडणे. प्लेन म्हणजे गाऱ्हाणे. माझे आजीच्या तोंडचा शब्द. तुला ठाऊक नव्हता?"

पंतांचे तोंडचे पाणी पळाले. तसेच घरी आले, पागोटे काढून पाटावर ठेविले आणि त्याजकडे पाहत बसले. त्यांची बायको यमुनाबाई ताट वाढून आली, तिला सर्व सांगितले, आणि म्हणाले, "हे कोणास ठाऊक नाही. एक तो म्हातारा, एक मी. म्हाताऱ्याचे बोलणे दरबारात मीच उलगडून सांगणार. मी जे सांगेन तेच तो बोलला."

यमुनाबाई म्हणाली, "मग अडचण कसली?"

"अडचण हीच."

ती म्हणाली, "मी दोन दिवस देवळास जाताना त्या बाईवरून गेले. पदर सावरून गेले. आज तुम्ही सांगता की ती आपल्यामुळे बसली आहे. उद्या मी कोणत्या वाटेने जाऊ ते सांगा, आणि मग जेवा." पंत जेवले नाहीत. परंतु त्यांचा निश्चय जाहला.

दुसरे दिवशी प्रातःकाळी सदर भरली. सुभानजी हवालदार पडावाची हकीकत सांगावयास आले होते, कारभारी होते, सरदार होते. चिंतोपंत उठले, पागोटे काढून महाराजांचे गादीपुढे ठेविले आणि बोडक्या डोईने उभे राहिले. दरबारी बोडके उभे राहणे म्हणजे काय ते जाणते जाणतात. महाराज म्हणाले, "पंत, घरी कोणी गेले काय?"

पंत म्हणाले, "महाराज, एकोणीस गेले. माझे हातून गेले." आणि पत्र काढवून, अडखळत नाही, गाळत नाही, सर्व सांगितले. कारभारी हलकेच म्हणाले, "पंत, शब्द गेला, माणसे गेली, आता तुमचे पागोटे घालवून काय हाती लागते?" महाराजांनी ते ऐकिले आणि हात वर करून कारभाऱ्यांस थांबविले. मग सामवेलास आत बोलाविले, सकवारेस आत बोलाविले, आणि सामवेलास पुसिले की, "तुझे मुलखीचे लोक इतकी वर्षे आमचे बंदरी आहेत. त्यांस हा शब्द ठाऊक नाही आणि तुला ठाऊक, हे कैसे?"

सामवेल आपले मुलखीचे भाषेत बोलू लागला आणि चिंतोपंत एकेक वाक्य उलगडून सांगू लागले. ज्याची चूक त्याचेच तोंडून तिचा अर्थ सदरेस ऐकावा लागला, आणि लिहिणाराने पाहिले की पंतांचा आवाज कापला परंतु अर्थ कोठे कापला नाही. सामवेल म्हणाला, "महाराज, मी डोंगरातल्या खेड्यातला. माझी आजी गाय मेली तरी प्लेन करी, आणि जमीनदाराने कुंपण पुढे सरकविले तरी प्लेन करी. दोहोंस तिजपाशी एकच शब्द. आमचे पाद्रीबावा सांगत की हा शब्द फार जुना, रोम शहरचा. तेथे त्याचा अर्थ ऊर बडविणे. मग तो फ्रान्सीसांचे मुलखी गेला, तेथे रडणे जाहला. मग फ्रान्सीसांकडील एक सरदार फौजेनिशी समुद्र उतरून आमचेवर चालून आला, त्याचे लष्कराबरोबर हा आमचे देशी आला आणि कचेरीत शिरला. वकिलांनी त्यास पुढे शेपटा, मागे शेपटा लावून 'कंप्लेंट' ऐसा दरबारी केला. आता कचेरीत जातो त्या शब्दास कोणी रडणे समजत नाही, आणि खेड्यात राहिला तो साधा शब्द म्हाताऱ्यांबरोबर चालला. वखारीतले तरणे कारकून मला हसतात. हा पोर त्यांजकडून शिकला. त्याची चूक आहे, पण थोडी आमच्या मुलखाचीही आहे."

आपला दोष हलका करणारे हे शेवटले वाक्य तेवढे पंतांनी गाळिले. सामवेल इतकी आमची भाषा जाणत होता की त्याने ते मोडक्या बोलीत स्वतःच सांगितले.

मग हवालदार पुढे येऊन म्हणाले, "महाराज, शब्दाचा अर्थ काही असो. तांडेल प्याला होता. बुडाला तो दारूने."

तेव्हां सकवार इतका वेळ खाली पाहत होती ती उभी राहिली. "माझा धनी दारूला शिवत न्हवता, म्हाराज. त्याचा बाप दारूनं मेला, तवापासून त्यानं ताडीचं झाडबी वळखायचं सोडलं. आन प्यालेला मानूस पाच जीव काढतो व्हय पान्यातनं? त्या पाचांना इचारा, त्याच्या तोंडाला वास व्हता का. त्याच्या गळ्याला मिठी मारून आले की ते."

सामवेलाने खांद्यावरची फळी गादीपुढे ठेविली. म्हणाला, "नदीने परत दिली. तळाची." महाराज स्वतः उठले, वाकले, आणि अंगठ्याने फळी दाबिली, तों लाकूड भिजल्या पोह्यासारखे चुरले आणि अंगठा पेराएवढा आत गेला. महाराज उभे राहिले. मग हवालदारास पुसिले, "दोन वर्षांमागे आम्ही साग दिला होता. तो कोठे आहे?"

सकवार बोलली, "त्यांच्या नव्या माडीला लागला. माझ्याच धन्यानं पडावातनं वाहून न्हेला. तीन खेपा झाल्या."

मग अवघी सदर हवालदाराकडे पाहू लागली, आणि हवालदाराने जी मान खाली घातली तोच त्याचा जबाब जाहला.

महाराजांनी तेथेच आज्ञा केल्या. सुभानजीची हवालदारी दूर करून त्यास गडावर अटकेत पाठविले. माडी उतरवून तो साग घाटावर न्यावा, पडाव सामवेलाने बांधावा, आणि ज्या बाजारात लखूस दारुड्या म्हटले त्याच बाजारात डांगोरा पिटावा की, लखू तांडेल शुद्धीवर होता, त्याने सांगितले ते कोणी ऐकिले नाही, पाच जीव वाचवून तो गेला. नंतर कारभाऱ्यांस म्हणाले, "मोरोपंत, रडणे हे गाऱ्हाणे नव्हे हा तुमचा कायदा आजपासून मोडिला. दरवाज्यात जो रडेल त्याचे रडणे प्रथम लिहावे, कोणावर ते मागाहून शोधावे. शोधणे हे आमचे काम, रडणाऱ्याचे नव्हे." कारभाऱ्यांनी आज्ञा शिरसावंद्य केली आणि खरे सांगावयाचे तर त्यांस बरे वाटले, कारण तीन दिवस तेही त्या बाईवरूनच जात येत होते.

राहिले चिंतोपंत. ते म्हणाले, "महाराज, मला काय शिक्षा?" महाराज म्हणाले, "दोन मुलखांच्या भाषा जाणणारे आम्हांस पुन्हा मिळतील. रडण्याचे बोलणे करून सांगणारा दुभाषा या दरबारी कधीच नव्हता. तुमची बैठक सदरेवरून उचलून दरवाज्यात टाकिली. आणि पागोटे येथेच राहू द्या." पंतांनी मुजरा केला आणि बोडकेच जाऊन दरवाज्यात बसले. सकवार निघाली तेव्हां तिजपुढे हात जोडून म्हणाले, "बाई, मला क्षमा कर म्हणण्यास तोंड नाही."

सकवार म्हणाली, "क्षमा कशी करत्यात ते मला ठावं न्हाई, बापा. तुमी भर दरबारात बोललात, येवढं मी घाटावर सांगन." आणि गेली.

आश्विन वद्य दशमीस पाणसऱ्याच्या बाजारात डांगोरा पिटला. लिहिणारा सरकारी कागद घेऊन बरोबर होता, म्हणोन हे पाहिले ते लिहितो. डांगोरेवाल्याने तीन वेळा पुकारिले. मग ज्यांणी शेण मारिले होते त्यांतली एक म्हातारी, जिचा लेक त्या दिवशी गेला होता, ती सकवारेजवळ येऊन तिचा हात धरून उभी राहिली. दुसऱ्या बायका आल्या. त्यांस वाटले आता हिचा जीव निवेल. परंतु सकवार घाटाच्या पायरीवर बसली आणि जी रडू लागली ती दरवाज्यात रडली त्याहून निराळी रडली, ऊर बडविणे नाही, आक्रोश नाही, तोंडावर पदर घेऊन नुसते हुंदके. म्हातारी म्हणाली, "बाई, आता काय रडतीस? न्याव झाला की."

सकवार पदराआडून म्हणाली, "इतके दिस रडले ते लोकांना ऐकू जावं म्हनून. धन्यासाठी अजून रडलेच न्हाई मी. आता रडू द्या."

तेव्हां म्हातारीने बायकांस खूण केली आणि अवघा बाजार घाटापासून मागे सरला. वाण्यांनी तराजू खाली ठेविले. बैलांच्या गळ्यातल्या घंटा गड्यांनी मुठीत धरिल्या. लिहिणाराही कागद गुंडाळून मागे सरला, म्हणोन पुढले त्याने पाहिले नाही आणि लिहिलेही नाही.

एकूण हकीकत ऐसी. पडाव माघात तयार जाहला आणि पाच जीव वाचले होते त्यांतल्याच एकाने तो हाकिला. सामवेल मेस्त्री पुढे सहा वर्षे जगला, आणि त्याजबरोबर या किनाऱ्यावर तो शब्द बोलणारा शेवटला माणूस गेला. चिंतोपंत बावीस वर्षे दरवाज्यात बसले. रडत येणाऱ्याचे ते जे लिहीत, त्या कागदाचे माथ्यावर आपले हाताने 'प्लेन' ऐसे अक्षर घालीत. त्यांचे मागे नवे कारकून आले, त्यांस ते अक्षर कळेना, चुकून पडले ऐसे समजून त्यांणी ते घालणे सोडिले. शब्द त्याचे मुलखी राहिला नाही आणि आमचे मुलखीही राहिला नाही. दरवाज्यात लिहिणाराची जागा मात्र त्या दिवसापासून एक दिवस रिकामी नाही, आणि तेथे येणारास आधी पाणी देतात, मग बसवितात, मग तो बोलेपर्यंत वाट पाहतात. इति.